इरकलीची घडी

"आजी, रक्ताचा कॅन्सर हाय. पण ह्यो बरा हुतोय की," डॉक्टर म्हणाले. कोल्हापूरकडच्या गारगोटीचे होते, बोलण्यात आडपडदा नव्हता. नातवंडांनो, तुमच्या बाबांनी माझा हात घट्ट धरला. मी डॉक्टरांना आजाराचं पूर्ण नाव विचारलं.

अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्यूकेमिया. म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी अर्धवट वाढीतच अडकतात आणि नुसती गर्दी करतात. हिरड्यांतून रक्त यायचं, अंगावर निळे डाग उठायचे. मी ते वयावर ढकललं होतं. तुम्ही तसं कधी करू नका.

दवाखान्यात भरती व्हायच्या आधी मी कपाट आवरलं. कोरी इरकल साडी तुमच्या आईला देऊन टाकली. तिने ती परत माझ्या कपाटात ठेवली. मीरा, तू तेव्हा तिच्या पोटात होतीस.

"घडी तुम्हीच मोडायची, आई. बारशाला."

उपचार म्हणजे केमो आणि ऑल-ट्रान्स रेटिनॉइक अ‍ॅसिडच्या कॅप्सूल. हे व्हिटॅमिन ए चंच एक रूप. ते ऐकून शेजारच्या काकू पिशवीभर गाजरं घेऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, गाजरावर भागलं असतं तर मी मंडईत बसलो असतो.

तुमच्या आईला मात्र त्या कॅप्सूलना हात लावायची बंदी होती. व्हिटॅमिनची एवढी भीती का, मी विचारलं. डॉक्टर खुर्ची ओढून सांगू लागले. प्रत्येक पेशीत सगळ्या सूचना असतात, पण डोळ्याची पेशी डोळ्यापुरत्याच उघडते. गर्भात हाच पदार्थ वेळेवर, बेताने काही सूचना उघडतो. अवेळी, जास्त मिळाला तर बाळाची घडण बिघडते. माझ्या पेशींत मोठं होण्याची सूचनाच बंद पडली होती.

"पुसल्याली न्हाय, आजी. घट्ट घडी घालून ठिवल्याली. औषध ती घडी मोडतंय."

मी वॉर्डात मोठ्याने हसले. डॉक्टरांना साडीची गोष्ट कुठे ठाऊक होती?

पुढे ताप आला, केस गेले, ओठ सोलले. रोज रक्त तपासायचं आणि बाकावर बसून रिपोर्टची वाट बघायची. शेवटी अडकलेल्या पेशी मोठ्या झाल्या का, हे बघायला बोन मॅरो, म्हणजे कमरेच्या हाडातला मगज, पुन्हा तपासला. डॉक्टर कागद हलवतच आले. "पोरं शाणी झाली, आजी."

बारशाला मी इरकलीची घडी मोडली. मीरा, तू पहिल्याच तासात पदरावर दूध ओकलंस. एरवी मी लगेच साडी बदलली असती.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तीच नेसून मिरवले.