न झाडलेल्या तीन गोळ्या

पोळा झाला की बाबा पेटीतून रायफल काढायचे. आमच्या चार बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं, इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या अगदी शेवटाला, आणि त्यांच्या पलीकडे लगेच जंगल. धानाचा दाणा भरायला लागला की रानडुकरं उतरणार हे ठरलेलंच. पिकाच्या राखणीसाठी आजोबांच्या वेळेपासून घरात बंदुकीचा परवाना होता. आसपासच्या गावांत दुसरी बंदूक नव्हती. कोणाच्या शेतात डुकरं पडली की वनविभागाची परवानगी निघायची आणि लोक बाबांना बोलवायला यायचे.

डुकरावर जायच्या आधी मात्र बाबा बोडीवर जायचे. बोडी म्हणजे आमच्या शेताजवळचं लहान तळं. त्याच्या मातीच्या पाळीला एक गोवरी टेकवून तिच्यावर चुन्याचा ठिपका द्यायचे, पन्नास पावलं मोजायचे, कोंड्याच्या पोत्यावर नळी ठेवून पालथे पडायचे आणि तीन गोळ्या झाडायचे. घाई नसायची. एक गोळी झाली की उठून गोवरी पाहून यायचे. नळीच्या टोकावर नेम धरायला जी बारीक उभी खूण असते तिला माशी म्हणतात. गोळ्या डावीकडे लागल्या तर माशीही डावीकडेच सरकवायची. मला ते उलट वाटायचं.

“गोळी जिकडं पळते तिकडंच माशी ढकल,” बाबा सांगायचे. “मंग गोळी वापस येते.”

पितळेचा तुकडा लावून ते हातोडीनं अशी हलकी टिचकी मारत की माशी हललेली दिसायचीही नाही. मग पुन्हा एक गोळी. तिन्ही भोकं एका तळहातात मावली की गोवरी घरी आणायचे. आई ती चुलीत घालायची.

“इतकी कटकट काऊन करता बाबा?” मी एकदा विचारलं होतं.

“गोळी पुरी चुकली त डुक्कर पळून जाते. अर्धी लागली त ते कोणाच्या तरी अंगावर येते. आपल्या नाही, दुसऱ्याच्या.”

हे वाक्य मी दहा-बारा वर्षांची असल्यापासून ऐकत होते, आणि म्हणूनच पुढचं मला माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकत नाही.

आमच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, धुरा लागून काकीची शेती होती. काकी नात्यातली नाही. नवरा लवकर गेला, आणि दोन बांध्या ती एकटी कसायची. मी कॉलेजला जाऊ लागले तेव्हा अर्जुनीची बस सकाळी लवकर असायची आणि डांबरी रस्त्यापर्यंतची वाट जंगलातून होती. बाबा गुरांमागे, आई आजारी. तीन वर्षं काकी हातात विळा घेऊन मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. परतताना त्याच विळ्यानं गवत कापून न्यायची.

“तुह्यासाठी नाही येत वो मी,” ती म्हणायची. “गवतासाठी येतो. तू आपली वाटेत भेटतेस.”

मी पदवीधर झाले तेव्हा तिनं गावभर सांगितलं की ही डिग्री अर्धी माझी आहे, अर्धी वाट मी चालले. खरं सांगायचं तर अर्धीपेक्षा जास्त तीच चालली होती, कारण ती परतही जायची.

मला सरकारी कार्यालयात लिपिकाची नोकरी लागली त्याच वर्षी निवडणूक आली. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. उन्हाळ्यात जमा केलेली रायफल बाबांना पोळ्यानंतर परत मिळाली. मी सोबत होते. बाबांनी तिथेच बाकावर बसून नळीवरून बोट फिरवलं. माशीच्या बुडाशी एक नवी चकाकी होती, कोणीतरी नखानं खरवडावं तशी.

“साहेब, ही पडली वाटते.”

“बंदूक है बाबा, मटका नहीं,” टेबलामागचा शिपाई म्हणाला. “पडली तर फुटत नाही. सही करा.”

बाबांनी अंगठा दिला. वाटेत ते एवढंच म्हणाले, “उद्या बोडीवर जाऊ.”

त्याच ठाण्यातून माझ्या चारित्र्याची पडताळणी व्हायची होती. शिपाई घरी येणार, शेजारीपाजारी विचारणार, मग कागद वर जाणार आणि नेमणूक पक्की होणार. मला रात्रंदिवस तोच एक कागद दिसत होता. आमच्या घरात पहिल्यांदा कोणाचं तरी नाव सरकारी यादीत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा गोवरीवर चुना लावत बसले असताना मी वनविभागाचं परवानगीपत्र घेऊन आले. अर्ज मीच लिहिला होता, पत्रही मीच वाचून दाखवलं. आपल्या किंवा लगतच्या शेतात शिरलेलं रानडुक्कर अमुक तारखांच्या आत मारावं, झाडलेल्या प्रत्येक गोळीची माहिती द्यावी.

“यात गोवरीवर झाडायचं लिहिलेलं नाही,” मी म्हणाले.

“ते कुठी लिहतेत? ते त करतोच दरवर्षी.”

“दरवर्षी माझी चौकशी नव्हती बाबा. तुम्ही बोडीवर तीन बार काढले आणि कोणी ठाण्यात कळवलं, तर माझ्या कागदावर काय लिहितील?”

बाबांनी चुन्याचं बोट गोवरीला पुसलं. मग मी माझी हुशारी काढली. मोबाइलवर मी एक व्हिडिओ पाहिला होता. रायफलीचा मागचा बोल्ट काढून घ्यायचा, नळीतून आरपार चुन्याचा ठिपका पाहायचा, आणि मग माशीवरूनही तोच ठिपका दिसतो का ते पाहायचं. गोळी न झाडता तपासणी. बाबांची नजर जवळचं धरत नव्हती, म्हणून पाहायचं काम माझं. आम्ही परसात रायफल पोत्यावर ठेवली. नळीतून मला उजेडाचं गोल दिसलं आणि त्यात कुठेतरी मध्यावर पांढरा ठिपका. माशीवरूनही ठिपका दिसला.

“बरोबर आहे,” मी म्हणाले. शिकण्याचा घरात काहीतरी उपयोग झाला म्हणून मला आनंद झाला होता, हेही लिहून ठेवते.

बाबा म्हणाले, “नळीतून नजर जाते बाई. गोळी नाही जात.”

“मग काय करायचं? नोकरी जाऊ द्यायची?”

त्यांनी गोवरी उचलून परत रचली. “तू शिकलेली आहेस. तुले समजते,” असं म्हणाले. ते टोमणा मारत नव्हते, याचाच मला आज राग येतो. त्यांनी टोमणा मारला असता तर मी भांडले असते, आणि भांडणात कदाचित ते बोडीवर गेलेही असते.

आठवडाभरानं डुकरं काकीच्या बांधीत पडली. बाबा पहाटे मचाणावर बसले. फटफटल्यावर कळप जंगलाकडे निघाला तेव्हा त्यांनी मोठ्या डुकरावर नेम धरला. ते उजवीकडे तोंड करून चाललं होतं. नेम खांद्यावर होता. गोळी वीतभर डावीकडे गेली आणि पोटात लागली. डुक्कर ओरडून कालव्याकडच्या बेशरमाच्या झुडपात घुसलं.

मी शेतावर पोचले तेव्हा बाबा उकिडवे बसून पानावरचं रक्त पाहत होते. रक्तात हिरवट घाण होती.

“पोटात,” ते म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यांनी मला वनरक्षकाला कळवायला लावलं, स्वतः घरोघर जाऊन सांगितलं की कालव्याकडे कोणी जाऊ नका, आणि दोन माणसं घेऊन दिवसभर झुडपं धुंडाळली. डुक्कर सापडलं नाही. काकीलाही सांगितलं होतं. पण दुसऱ्या सकाळी कालव्याच्या पाण्याची पाळी तिची होती. शेवटच्या टोकाला पाळी चुकली की पुन्हा पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, आणि धानाला शेवटचं पाणी हवं होतं. ती फावडं घेऊन बांधीत पाणी घ्यायचं तोंड उघडायला गेली.

डुकरानं तिची मांडी गुडघ्यापर्यंत फाडली. ओरडा ऐकून बाबा धावले आणि जवळ जाऊन, हातभर अंतरावरून, दुसरी गोळी घातली. तेवढ्या अंतरावरून माशी लागत नाही.

काकीला गोंदियाला नेलं. जीव वाचला. पाय वाचला म्हणायचा, पण तो आता वाकत नाही.

चौकशीला ठाण्यातून साहेब आणि माणसं आली. त्यांनी बाबांना गोवरीवर एक गोळी झाडायला लावली. ठिपक्याच्या वीतभर डावीकडे भोक पडलं. साहेबांनी विचारलं, हंगामाआधी बंदूक तपासली नव्हती का? मी दारात उभी होते. बाबा म्हणाले, “नाही तपासली. माही चूक झाली.”

जबाब लिहायचा होता. बाबांना लिहिता येत नाही आणि माझं अक्षर चांगलं, म्हणून साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी लिहिलं, ‘बंदुकीची तपासणी करण्याचे माझ्याकडून राहून गेले.’ एकही चूक नव्हती त्या वाक्यात. बाबांनी खाली अंगठा दिला. रायफल गेली ती गेलीच, परवानाही पुन्हा झाला नाही.

माझी पडताळणी त्याच महिन्यात निर्दोष आली.

आता मी तालुक्याच्या गावी राहते. रोवणीच्या दिवसांत सुटी काढून घरी जाते. चिखलात वाकून उभं राहणं काकीला जमत नाही. ती धुऱ्यावर पाटावर बसून, एक पाय सरळ पुढे टाकून, धानाच्या रोपांच्या पेंढ्या बांधते आणि रोवणाऱ्या बायांना शिव्या देते. यंदा मी तिच्या बांधीत उतरले तर म्हणाली, “सायबीणबाई चिखलात उतरल्या. फोटो काढा वो कोणी.”

बाया हसल्या. दुपारी सगळ्या जेवायला गेल्यावर मी तिच्याजवळ बसले. पेंढी बांधता बांधता तिनं विचारलं, “तुहा बाप दरसाल बोडीवर बार काढे. त्या सालीच काऊन नाही काढला? मी त्याले विचारलं त म्हणते, भुललो. तो भुलणारा माणूस नोहे.”

माझ्या तोंडाशी आलं होतं.

“ठाण्यातून बंदूक उशिरा मिळाली काकी,” मी म्हणाले. “वेळच नव्हता.”

“असं का,” ती म्हणाली. तिनं पेंढीची गाठ दातानं ओढली, ती माझ्या हातात दिली आणि बांधीकडे बोट दाखवलं. “जा, तिकडं कोपऱ्यात रोपं कमी पडली.”

मी पेंढी घेऊन चिखलात उतरले.