चढाई संपल्यावरही

मेहरूणच्या मैदानावर माझी मुलगी कबड्डीचा सराव करते. हाडं मोडून घेईल, असं म्हणत तिच्या आईने आजवर तिथे पाऊल टाकलेलं नाही, म्हणून संध्याकाळी मीच जाऊन बसतो. तिथे रोज एक म्हातारा यायचा. धोतराचा सोगा मुठीत धरून तो मध्यरेषेपाशी उभा राहायचा आणि कुठलीही पोरगी चढाईला गेली की तिच्यासोबत एका दमात पुटपुटायचा, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी." ती परत आली की थांबायचा.

एकदा सराव आटोपला, पोरी पाणी प्यायला गेल्या, तरी त्याचे ओठ हलतच होते. मी म्हटलं, "आबा, संपलं. सगळ्या परत आल्या."

त्याने हात वर करून मला थांबवलं. दम तुटल्यावर रिकाम्या मैदानाकडे बघत म्हणाला, "बठ्ठ्या उन्यात, भाऊ. मन्हा पोऱ्या आजून आत शे."

इथेच, पाच जणांच्या पकडीत, त्याचा मुलगा मानेवर पडला होता आणि उठलाच नव्हता. हे त्यानेच सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

न राहवून मी विचारलं, "मग माझ्या पोरीला खेळू देऊ का?"

"दे ना. मीबी दिधं व्हतं."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. मुलगी चढाईला निघाली. तिला परत बोलवायला मी तोंड उघडलं, तर तोंडातून निघालं, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी." आणि ती रेषेच्या अलीकडे येईपर्यंत ते थांबवायची माझी हिंमत झाली नाही.