गोळीचं नाव सांगणारी संयोगिता

कडेगावची संयोगिता शाळेत फार कमी बोलायची. प्रश्न विचारला की आधी खाली बघायची, मग विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायची. लग्नानंतरही ती तशीच राहिली. नवरा लष्करात, सीमेवर. ऊस, म्हशी आणि एकुलता एक विश्वजित तिनं एकटीनं सांभाळला. ऊसतोडीची टोळी रेंगाळली तर ती बांधावर जाऊन नुसती उभी राहायची. टोळी कामाला लागायची.

विश्वजित बापाच्या वाटेनं निघाला होता. भरतीची लेखी परीक्षा झाली, धावणंही झालं. मेडिकल तेवढं उरलं होतं. त्याच उन्हाळ्यात सांगलीच्या कॉलेजातल्या मित्रांनी गावाबाहेरच्या एका फार्महाऊसवर दुपारची डीजे पार्टी ठेवली.

दिवस कलायच्या आत मित्रांनी त्याला जीपमधून आणून सोप्यात खाटेवर टाकलं. दातखिळी बसलेली, अंग थडथड उडत होतं. भावकी जमली. कुणी म्हणालं, थंडीताप. एक घोंगडी पडली, तिच्यावर दुसरी. थंडीतापाला आमच्याकडे हेच करतात. शेजारी म्हणून मीही तिथं होतो आणि मलाही ते बरोबरच वाटलं.

संयोगिता रानातून आली. तिनं घोंगडीखाली हात घातला आणि दोन्ही घोंगड्या ओढून अंगणात टाकल्या.

"भट्टी झालीया पोराची. पांघरूण कसलं घालताय?"

तिनं म्हशींच्या हौदात गोणपाटं बुडवली, त्याच्या अंगावर टाकली आणि त्याला टेम्पोत घातलं. सांगलीपर्यंत ती त्याच्यावर पाणी शिंपडत होती. दीर लालासाहेब, विश्वजितचा मित्र शिवतेज आणि मी मागं बसलो होतो.

दवाखान्यात थर्मामीटर बघून नर्सनं पळत जाऊन डॉक्टरांना आणलं.

"काय घेतलं होतं यानं?"

"ऊन लागलंय साहेब," लालासाहेब म्हणाला. "दुपारभर नाचत हुता."

डॉक्टरांनी विश्वजितचे डोळे उघडून पाहिले. "नुसत्या उन्हानं बाहुल्या एवढ्या मोठ्या होत नाहीत. तापाच्या औषधानं हा ताप उतरायचाही नाही. काय घेतलं ते कळलं, तर मला नीट उपचार करता येतील."

लालासाहेब संयोगिताजवळ सरकला.

"वैनी, गप ऱ्हावा. कागदावर आलं की भरती गेली."

"भावजी, भरती व्हायला पोरगं लागतंय."

ती शिवतेजकडे वळली. तो रडत होता.

"काकी, माझं नाव आलं तर..."

"तुझं नाव कुनाला पायजे रं? गोळीचं सांग."

त्यानं सांगितलं. रंगीत गोळी, एक्स्टसी. नाचायला दम राहतो म्हणून घेतलेली. पहिलीनं काही होईना, म्हणून विश्वजितनं मागोमाग दुसरी गिळली. संयोगितानं ते सगळं डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं, मोठ्यानं, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं.

मग बर्फ आला, झोपेचं इंजेक्शन आलं. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. ही गोळी अंगातली आग वाढवते आणि थकवा कळू देत नाही. माणूस नाचत राहतो, आतून शिजत जातो. स्नायू विरघळतात, त्यांचा गाळ मूत्रपिंडात जाऊन बसतो. पहाटे मैदानाला फेऱ्या मारणारं ते शरीर शेंगदाण्याएवढ्या वस्तूनं आडवं केलं होतं. मी काचेतून बघत राहिलो. त्याच काचेशी संयोगिता उभी होती, बांधावर उभी राहायची तशीच, आणि तिच्याकडे बघताना माझे हात आपोआप जुळले.

विश्वजित वाचला. मूत्रपिंडं सावरेपर्यंत मशीनवर ठेवावं लागलं, आणि मेडिकलची तारीख गेली. नवऱ्याला फोनवर तिनं खरं तेच सांगितलं. त्याचं बोलणं संपेपर्यंत तिनं फोन कानालाच धरून ठेवला.

घरी आणल्यावर शेजारच्या लीलाबाई बघायला आल्या. त्यांनी जपूनच विचारलं, "ऊन लागलं हुतं न्हवं?"

"न्हाई. नाचायची गोळी खाल्ली हुती. तुमचा अवधूत बी जातोय तिकडं."

लीलाबाई चहा न घेताच उठल्या. मला वाटलं, आता या घरचं येणंजाणं तुटलं. थोड्या वेळानं त्या परत आल्या. अवधूतचं मनगट त्यांनी घट्ट धरलं होतं. त्यांनी त्याला विश्वजितच्या खाटेपाशी बसवलं.

विश्वजितनं मान भिंतीकडे वळवली. संयोगिता पायथ्याशी बसली.

"सांग त्याला," ती म्हणाली.