रस्त्यापलीकडचं लग्न

फाल्गुन शुद्ध दशमी, साल १९३१. रक्कम पन्नास रुपये, जागेचा विसार म्हणून. हजर मी, माझे थोरले भाऊ अण्णा, निपाणीचे तंबाखूचे व्यापारी म्हणजे आमचे होऊ घातलेले व्याही, आणि शहापुरातला एक विणकर. त्याच्या मागाच्या पडवीत माझ्या मुलीचं लग्न लागायचं होतं.

मुलीला बारावं पुरं झालं होतं. आम्ही बेळगावात, इंग्रजी हद्दीत. तिथं चौदाच्या आत मुलगी उजवली तर बापाला दंड आणि कैद, असा नवा कायदा आला होता. शहापूर मात्र संस्थानात, तिथं तो लागू नव्हता. मधला रस्ता ओलांडला की कुणी विचारत नसे.

विणकर म्हणाला, "तुमची बेळगावची वऱ्हाडं याय लागल्यापास्नं दोन माग काढून ठेवल्यात. साडीपेक्षा ह्यात बरं सुटतंय."

अण्णा हसले नाहीत. परक्या सरकारनं आमच्या घरात हात घालू नये, हा त्यांचा मुद्दा, व्याह्यांचाही तोच. स्वराज्यावर दोघं तासभर बोलले. मुलीचा विषय एकदाच निघाला, तोही शालूपुरता. मी दिवसभर कचेरीत मान मोडून आलेलो. विणकराच्या हातावर पैसे मोजले.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचं लग्न अकराव्या वर्षी झालं, पहिलं मूल चौदाव्या वर्षी, ते जगलं नाही. त्याबद्दल ती कधी बोलत नसे. म्हणाली, "रस्ता वलांडला की पोर दोन वर्सांनी मोठी हुतीया व्हय?" आणि भाकरी तव्यावर टाकून, "मी न्हाय येणार. कन्यादानाला तुमच्या शेजारी दुसरी कुणी बसवा."

अण्णांनी त्यावरही तोड काढली. ते आणि वहिनी बसतील, शास्त्राला चालतं. आता फक्त माझा होकार हवा होता. वडील गेल्यापासून अण्णांचा शब्द मी मोडला नव्हता. तो मोडला. त्यात शौर्य काही नव्हतं. बायकोकडे पाठ फिरवून त्या पडवीत उभं राहायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं, एवढंच.

अण्णा पुढं बरीच वर्षं आमच्याकडे जेवले नाहीत. मी बायकोच्या ताटाखालचं मांजर आहे, असं निपाणीत सांगितलं गेलं.

विसार विणकराकडे राहिला. व्याह्यांनी शालू आणि गाडीभाड्यापोटी एकशेवीस मागितले. पंच्याण्णववर तोडलं आणि दोन हप्त्यांत, निपाणीला जाऊन, त्यांच्या हातात दिले.