हिरवा चुडा, दोन डबे आणि शिमोगा

मोटारसायकलवरून लांब जायचं मनात असेल, तर एक सल्ला आधीच देतो. सामानाचे डबे बनवायला घेण्यापूर्वी पापड नीट वाळू द्या. असं का म्हणतोय ते पुढे येईलच.

माझी गाडी लष्कराच्या लिलावातली. महायुद्ध पाहिलेली, आणि ते अजून विसरलेली नाही. मागच्या चाकाला स्प्रिंग नावाला नाही. जे काही स्प्रिंग आहेत ते सीटखाली, म्हणजे फक्त माझ्यासाठी. शिकवण्या करून मी ती घेतली आणि वर्षभर तिच्यात सुधारणा करत बसलो. सिटी मार्केटमधल्या लोहाराकडून मागे दोन पत्र्याचे डबे बसवून घेतले. विमान कारखान्यात नोकरीला असलेल्या शेजाऱ्यांनी भंगारातला एक पारदर्शक तुकडा दिला, त्याची पुढे काच केली. त्या काचेतून रस्ता वाकडा दिसायचा, पण दिसायचा. आमच्या चामराजपेटेत लोक गाडी बघायला थांबायचे. मी समजायचो, कौतुकानं.

तेवढ्यात अक्काच्या डोहाळजेवणाचं ठरलं. अक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, शिमोग्याला दिलेली. अशा वेळी हिरव्या बांगड्या माहेराहून भावानं न्यायच्या, ही आमच्याकडची रीत. बांगड्या एका डब्यात अक्कासाठी, दुसऱ्यात तिथल्या सवाष्णींसाठी. मी जाहीर केलं, "गाडीवरून नेतो."

अण्णा, म्हणजे माझे वडील, पेपरातून मान वर न करता म्हणाले, "आम्ही रेल्वेनं चाललोच आहोत. बांगड्यांना तिकीट पडत नाही."

"पण गाडीची परीक्षा होईल, अण्णा."

"सरी, ठीक आहे. मग परीक्षाच होऊ दे. अक्काचा चुडा धड पोचला तर गाडी राहील. नाही पोचला तर भंगारवाला."

मी शास्त्रीय वृत्तीचा माणूस. आधी चाचणी घेतली. आईनं गच्चीवर उडदाचे पापड घातले होते, ते दोन्ही डब्यांत भरले आणि पेटेतल्या सगळ्यात वाईट गल्ल्यांतून फिरवून आणले. एकही मोडला नाही. मी विजयी मुद्रेनं आईला दाखवले. ती पापडांबद्दल जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग तिनं बांगड्या देवीपुढे ठेवून, हळदकुंकू लावून, माझ्या हवाली केल्या.

सकाळी निघालो. तुमकूरपर्यंतचा रस्ता चांगला आहे, टाकी तिथेच भरून घ्या. ताटलीएवढी इडली खा, सोबत लोणी मागा, देतात. तिपटूरकडे दोन्ही बाजूंना नारळीच नारळी, आणि रस्त्याला असे खड्डे की एका खड्ड्यात मी सीटवरून उठलो आणि पुढच्या खड्ड्यात परत बसलो. मागे डब्यांतून काही आवाज येत नव्हता. खरं सांगायचं तर या गाडीवर असताना दुसरा कुठलाच आवाज येत नाही.

अरसीकेरेला जेवायला थांबलो. खानावळीत भात, सारू, पालेभाजी आणि एक पापड. वाढपी म्हणाला, "स्वल्प तूप?" मी हो म्हणत पापड उचलला.

कट्कन मोडला.

मी हातातल्या तुकड्याकडे बघत राहिलो. मग गच्चीवरचे पापड आठवले. अर्धवट वाळलेले, मऊ, दुमडले तर दुमडणारे. ते कशाला मोडतील?

तूप तसंच सोडून बाहेर पळालो. सवाष्णींच्या डब्यात हिरवा चुरा. अक्काच्या डब्यात वरच्या थरात तेच, पण खाली आईच्या जुन्या लुगड्याच्या घडीत काही बांगड्या धड होत्या. एका हातापुरत्या भरल्या असत्या. बाजारात नव्या मिळाल्या असत्या, नाही असं नाही. पण देवीपुढे ठेवलेल्या त्या ह्याच, आणि आईला मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

राहिलेल्या आता कुठे ठेवायच्या? गाडीवर स्प्रिंग असलेली जागा एकच, मी स्वतः. मग मफलरमध्ये बांगड्या ओवल्या, मफलर गळ्यात बांधला आणि निघालो. वर्षभराच्या सुधारणांचा निकाल गळ्यात किणकिणत होता.

कडूरात पहिली हाक आली. "बळेगारा! निल्लप्पा!" बळेगार म्हणजे दारोदार फिरणारा कासार, आणि मी थांबावं अशी आज्ञा. मी घाबरून थांबलोसुद्धा. चार बायका जमल्या.

"भाव काय?"

"विकायच्या नाहीत, अक्का."

"विकायच्या नाहीत तर गळ्यात कशाला? तुला शोभतात म्हणून?"

एक म्हातारी गाडीला वळसा घालून आली आणि म्हणाली, "बळेगार मोटारसायकलवरून हिंडायला लागले. आता बांगड्या महागणार बघा."

बिरूरला रेल्वेचं फाटक बंद. शेजारी गवताचा भारा खाली टाकून एक बाई उभी होती. दिवस गेलेले दिसत होते. तिला मी न विचारताच सांगून टाकलं, "बहिणीच्या डोहाळजेवणाला नेतोय. विकायच्या नाहीत."

ती हसली. मग एका बांगडीला बोट लावून म्हणाली, "शिमोग्याला? म्हणजे तरीकेरेवरून जाणार. बस स्टँडमागं तेलाचा घाणा आहे, ते माझं माहेर. सांगाल? गौरी बरी आहे म्हणून."

"सांगतो. आणखी काही?"

रेल्वेगाडी धडधडत गेली. फाटक उघडायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "हातात जुन्याच बांगड्या आहेत, ते नका सांगू."

तरीकेरेला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. घाणा सापडला. गौरीची आई पीठ चाळत होती. निरोप ऐकला आणि तिनं पहिला प्रश्न विचारला, "हातात बांगड्या आहेत तिच्या?"

"आहेत."

"हिरव्या?"

मी खाली बसून गाडीची साखळी तपासू लागलो. साखळी उत्तम होती. ती बाई माझ्या गळ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तिचा भाऊ मिलिटरीत आहे. लांब. आम्ही दोघंच आहोत, घाणा सोडून निघता येत नाही." मग मला तिनं ओसरीवर झोपायला जागा दिली आणि वाढलं, तेही इतकं, की सकाळी गाडीला चढ अवघड गेला.

भद्रावतीचा धूर मागे टाकून शिमोग्याला पोचलो, तर आई-अण्णा माझ्या आधी हजर. अक्का दारात आली, माझा गळा बघून पायरीवर बसूनच हसायला लागली. डोहाळजेवणाला तिच्या उजव्या हातात माहेरच्या बांगड्या होत्या आणि डाव्या हातात शिमोग्याच्या. डावा हात ती पदराखाली ठेवत होती. अण्णा सगळं बघत होते. म्हणजे भंगारवाला ठरला होता.

परतताना तरीकेरेला थांबलो. कशाला थांबलो ते मलाच नीट सांगता येणार नाही. गौरीच्या आईनं बांगड्या आणूनच ठेवल्या होत्या. तिनं स्वतः त्या मफलरमध्ये ओवल्या, गाठ दोनदा ओढून पाहिली. बिरूरला फाटक उघडं होतं, तरी उतरलो आणि विचारत विचारत गौरीचं घर शोधून काढलं. गौरीनं ओल्या हातांनी मफलर घेतला, एकेक बांगडी काढून उजेडात धरली. एकीलाही चीर नव्हती. चढवताना ती रडत होती आणि मला म्हणत होती, "बसा की, कॉफी घ्या की." मी बसलो, कॉफी घेतली. परीक्षा पास झालो होतो, फक्त परीक्षक, म्हणजे अण्णा, तिथे नव्हते.

चामराजपेटेत अण्णांनी बोलावलेला भंगारवाला खरंच दारात उभा होता. अण्णांनी उशीर का झाला ते विचारलं. मी तरीकेरे सांगितलं, बिरूर सांगितलं. अण्णा ऐकत होते, आई स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती.

भंगारवाल्यानं विचारलं, "गाडी न्यायची ना, सामी?"

अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "डबे ने."

डबे गेले. काढताना आतला हिरवा चुरा अंगणात सांडला. झाडून काढला तरी फरशीच्या फटीत अजून चमकतो. पुढची काचही मी काढून टाकली, आता रस्ता सरळ दिसतो. आणि मफलर आई कुणाला वापरू देत नाही, मलासुद्धा. धुऊन, घडी करून, देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवलाय. परवा म्हणत होती, तुमकूरच्या मावशीच्या सुनेला दिवस गेलेत.