पालकसभेतला पेपर

पालकसभेत मला पेपर सोडवायला लावला. पोरांचा पेपर. साठेक पालकांसमोर, फळ्यापाशी उभं करून.

नारायणगावातला क्लास. नीट, सीईटीची तयारी. चार वर्षं मी तिथं फिजिक्स शिकवत होते. गाव माझं डिंभे धरणाच्या वर, डोंगरात. आम्ही महादेव कोळी, आदिवासी. एमएस्सीला फर्स्ट क्लास. सकाळी मिळेल ती एसटी पकडायची, उभ्यानं यायचं, मग उभ्यानंच शिकवायचं. पाय सुजायचे.

त्या दिवशी क्लासच्या मालकांनी माझं पूर्ण नाव घेऊन ओळख करून दिली. आडनाव ऐकलं तसा पिंपळवंडीचा एक बागायतदार उठला. त्याची सानिका माझ्याच बॅचला.

"मॅडम, तुमी राखीव कोट्यातल्या ना? राग नका मानू. पण आमच्या पोरींच्या आयुष्याचा प्रश्न हाय. मागच्या वर्षीचा पेपर एकदा सोडवून दाखवा की."

मागं कोणीतरी हसलं. मी मालकांकडं बघितलं.

"दाखवा मॅडम. त्यांचं समाधान व्हईल." त्यांनी खडू माझ्या हातात दिला.

मी सोडवला. त्याचीच लाज अजून वाटते. उत्तर एकही चुकलं नाही. केमिस्ट्रीचे सर शेजारीच खुर्चीत बसलेले. त्यांना कोणी काही विचारलं नाही. त्यांचं आडनाव चालणारं होतं.

"पाठ असंल," बागायतदार म्हणाला आणि चहा घ्यायला गेला.

घरी आईला बोलले नाही. भातलावणीनं तिची कंबर धरलेली, तिला आणखी काय सांगायचं? दुसऱ्या दिवशी परत क्लास. असंच असतं, म्हणत वर्ष ढकललं. निकाल लागला. सानिकाला फिजिक्समध्ये क्लासात सगळ्यात जास्त मार्क. चौकात फ्लेक्स लागला. सगळ्या सरांची नावं. माझ्या जागी नुसतं 'फिजिक्स टीम'. टीम म्हणजे मी एकटी.

पुढच्या वर्षी परत पालकसभा. या वेळी कोणी विचारायच्या आधीच मालकांनी पेपर पुढं केला.

"मॅडम, गेल्या वर्षीसारखं."

म्हणजे आता ही रीतच झाली. दरसाल माझी तपासणी.

मी पेपर घेतला. केमिस्ट्रीच्या सरांच्या मांडीवर ठेवला. "आधी हे त्यांचा विषय सोडवतील. मग गणिताचे सर. मग मी."

मालक हळूच म्हणाले, "त्यांची काय गरज हाय?"

"मग माझी का व्हती?"

केमिस्ट्रीच्या सरांनी पेपराला हातसुद्धा लावला नाही.

"तमाशा नको," मालक म्हणाले. "उद्यापासून येऊ नका."

बाहेर पडले. जिन्यात अकरावीची एक पोरगी मागं आली. आमच्याच डोंगरातली.

"मॅडम, मी डॉक्टर झाले तरी मला असंच विचारत्याल?"

"विचारत्याल."

खोटं बोलायचं त्राण नव्हतं.

आता घोडेगावात एका खोलीत शिकवते. डोंगरातल्या अकरा पोरी. लई दमायला होतं. नवीन माणूस आला की अजून विचारतो, मॅडम कुठल्या, आडनाव काय. सांगते. पूर्ण सांगते. पण 'सिद्ध करा' म्हणणाऱ्याला मी यापुढं काहीही सिद्ध करून दाखवणार नाही. माझी एकही पोरगीसुद्धा सिद्ध करून दाखवणार नाही. एवढं 'नाही' म्हणायला शिकवल्याशिवाय मी कोणालाच परीक्षेला पाठवत नाही.