किसन ओव्हाळांच्या गाडीतले तेवीस दोष

किसन ओव्हाळ चाकणच्या एका मोटार कंपनीत एकोणतीस वर्षं गाड्या तपासायला होते. तयार गाडी लाइनवरून उतरली की शेवटची नजर त्यांची. दरवाजाची फट, रंगावरचा ओरखडा, दिवे, हॉर्न, डावा-उजवा इंडिकेटर, सगळं बघून ते शिक्का मारत, नाहीतर लाल चिठ्ठी चिकटवत. चिठ्ठीच्या बाबतीत त्यांचा हात जरा सढळच होता. कंपनीत त्यांना पाठीमागे 'रिजेक्टसाहेब' म्हणत, पण काळेवाडीत त्यांचा मोठा मान. गल्लीत कुणी जुनी गाडी जरी घेतली तरी पेढे वाटायच्या आधी ओव्हाळसाहेबांना बोलावणं जाई. ते गाडीभोवती एक फेरी मारत, बॉनेटवर बोटाने टकटक करत आणि "ठीक आहे" म्हणत. मग घेणाऱ्याचा जीव भांड्यात पडे.

स्वतः ते कंपनीच्या बसने जात आणि रविवारी हाताने काच खाली करायची एक जुनी गाडी चालवत. निवृत्त झाल्यावर मुलीने, मिनलने, हट्ट धरला की घ्यायचं तर सगळ्यात वरचं मॉडेल घ्या. ती हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करते, त्यामुळे तिच्या हट्टाला घरात कायद्याचं वजन आहे. गाडी ठरली.

गाडी ताब्यात घ्यायला ते आणि त्यांच्या पत्नी जयमालाबाई शोरूममध्ये गेले. तिथे हार, केक, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली आणि चाकाखाली लिंबं अशी तयारी होती. ओव्हाळांचं घर बौद्ध. जयमालाबाईंनी वाकून चारही लिंबं उचलली आणि सरबताला होतील म्हणून पर्समध्ये टाकली. डॅशबोर्डवर बुद्धांची छोटी मूर्ती ठेवली, दोघांनी हात जोडले. मग तनुजा नावाच्या मुलीने बारा मिनिटांत गाडीची बासष्ट वैशिष्ट्यं सांगितली. ओव्हाळ प्रत्येकाला मान हलवत होते. याच धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाने आणखी काय करायचं?

घरी येऊन त्यांनी गाडी लावली आणि दहा पावलं चालले, तर मागे कुलूप लागल्याचा आवाज आला आणि आरसे मिटले. खरंच लागलं का, हे बघायला ते परत गेले. हँडलला हात लावताच गाडी उघडली. ते निघाले, गाडी बंद झाली. तपासायला गेले, उघडली. असं सात वेळा झालं. गॅलरीतून शेजारी बघत होते म्हणून ओव्हाळ मुद्दाम टायर तपासल्यासारखे खाली वाकत. शेवटी जयमालाबाईंनी किल्ली मागून घेतली, तिठ्यापर्यंत चालत गेल्या आणि तिथून म्हणाल्या, "आता बघा." दार उघडलं नाही. किल्ली खिशात असली की गाडी मालकाला ओळखते, हे त्यांनी तनुजाकडून ऐकून ठेवलं होतं. ओव्हाळांनी फक्त मान हलवली होती.

पुढच्या रविवारी तळेगावला मेव्हण्याकडे जायचं ठरलं. निगडी सोडून मोठ्या रस्त्याला लागले आणि ट्रकला मागे टाकायला त्यांनी गाडी उजवीकडे घेतली, तर स्टीअरिंग उलटं डावीकडे ओढू लागलं. ओव्हाळांनी दोन्ही हातांनी ते धरलं. देहूरोडपर्यंत माणूस आणि गाडी यांची कुस्ती चालली होती. मग समोर रिक्षा आडवी आली आणि त्यांचा पाय पोचायच्या आत गाडी स्वतःच थांबली. थोड्या वेळाने पडद्यावर कपाचं चित्र उमटलं. ओव्हाळांनी ते हुकूम समजून गाडी बाजूला घेतली आणि दोघांनी टपरीवर चहा घेतला. पुढे पुन्हा कप आला, पुन्हा चहा झाला. तळेगावला पोचेपर्यंत तीन चहा झाले होते. जयमालाबाईंचं मत असं पडलं की आजवरच्या कुठल्या गाडीने त्यांची एवढी विचारपूस केली नव्हती.

ओव्हाळ मात्र पेटले होते. घरी येऊन त्यांनी रेघा मारून कागद तयार केला. अनुक्रमांक, दोषाचं वर्णन, कधी आढळला, शेरा. स्टीअरिंग डावीकडे ओढते. ब्रेक न दाबता लागतो. पाऊस नसताना वायपर फिरतो. 'थंड हवा कर' असं मराठीत सांगितलं असता गाडी ठाण्याचा रस्ता दाखवते. असे तेवीस दोष भरले.

कागद घेऊन ते आधी कोपऱ्यावरच्या इकबालभाईंच्या गॅरेजात गेले. इकबालभाईंनी बॉनेट उघडलं, आतलं काळं प्लॅस्टिकचं झाकण पाहिलं आणि ज्या अदबीने उघडलं होतं त्याच अदबीने बंद केलं. यात हात घालायला मला जागाच ठेवलेली नाही साहेब, असं ते म्हणाले. मिनलला विचारता आलं असतं, पण मग मिनलला कळलं असतं. ओव्हाळ शोरूमला गेले.

तनुजाने कागद नीट वाचला. एकेका ओळीवर बोट ठेवून ती सांगत गेली की हा दोष नाही, ही सोय आहे. वायपर फिरला कारण त्याची दांडी दिव्यांची समजून ओढली गेली. कप दिसतो तो ड्रायव्हर थकल्यासारखा चालवतो तेव्हा. ओव्हाळ प्रत्येक वेळी पुढच्या ओळीकडे बोट दाखवत. शेवटी स्टीअरिंगचं आलं. तनुजा म्हणाली, "काका, इंडिकेटर न देता लेन बदलली की गाडी परत आत ओढते. दिला की सोडते."

एकोणतीस वर्षांत ओव्हाळांनी लाखो इंडिकेटर लावून पाहिले होते, डावा आणि उजवा, प्रत्येकी तीन वेळा. रस्त्यावर त्यांनी तो कधी दिला नव्हता. पिंपरी-चिंचवडमध्ये त्यांनी तो कुणी दिलेलाही पाहिला नव्हता. आपण कुठे वळणार हे इथे कुणी परक्याला सांगत नाही.

त्यांनी कागदाची घडी घातली. मग शेजारच्या टेबलावर ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "पोरी, मला ही गाडी येत नाही."

तनुजाने इकडेतिकडे पाहिलं आणि तितक्याच हळू म्हणाली, "मलाही नाही येत, काका. मी स्कूटीवर येते. बासष्टच्या बासष्ट मी व्हिडिओ बघून पाठ केलीत."

ओव्हाळांना आयुष्यात पहिल्यांदा या धंद्यातलं कुणी खरं बोलल्यासारखं वाटलं. जेवणाच्या सुट्टीत दोघं मागच्या आवारात गाडी घेऊन गेले. तनुजा पुस्तिका वाचायची, ओव्हाळ करून बघायचे. एक बटण दाबलं आणि पाठीखालची सीट गरम झाली. मे महिन्याच्या दुपारी ही सोय कुणासाठी दिली, ते पुस्तिकेत सापडलं नाही. आठवडाभर हा अभ्यास चालला. नऊ गोष्टी त्यांनी कायमच्या बंद केल्या, चौदा शिकून घेतल्या, आणि बाकीच्यांच्या वाट्याला जायचं नाही असं ठरवलं.

त्यानंतर ओव्हाळांनी चारशे पानी पुस्तिकेचा दोन पानांचा मराठी कागद केला, कंपनीत लाइनवर टांगायचे तसा. पायरी एक, पायरी दोन, शेजारी पेनाने काढलेली चित्रं. तनुजा त्याच्या प्रती गाडी नेणाऱ्यांच्या हातात देऊ लागली. लोक केक तिथेच खात आणि कागद जपून घरी नेत. शोरूमच्या मॅनेजरला हे कळलं, तेव्हा त्याने बाहेर फलक लावला की आमच्याकडे दर शनिवारी अनुभवी तज्ज्ञांचं मार्गदर्शन मिळेल. तज्ज्ञांना त्याने विचारलं नव्हतं. तरी ओव्हाळ शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून जाऊ लागले.

पहिल्याच शनिवारी निगडी प्राधिकरणातले दौलतराव आले. सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, बंगलेवाले. त्यांनी आल्या आल्या सांगितलं की त्यांना काही अडचण नाही, सहज चक्कर मारली. ओव्हाळांनी विचारलं, गाडी किती फिरली? अकरा किलोमीटर, शोरूम ते बंगला. दीड महिना ती पोर्चमध्ये होती आणि दौलतराव पीएमपीच्या बसने फिरत होते. आजही बसनेच आले होते.

ओव्हाळ हसले नाहीत. त्यांनी दौलतरावांना स्वतःच्या गाडीत बसवलं, हातात दोन पानांचा कागद दिला आणि विचारलं, "कुठून सुरू करू या?"

दौलतरावांनी पडद्याकडे पाहिलं, दारं बंद असल्याची खात्री केली आणि म्हणाले, "हॉर्न कुठंय, तेवढं आधी सांगा."